नामाला 's आणि त्यापुढे दॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, कचेरीत इंग्रजी पत्रं लिहावी लागणारे आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक या एका रचनेबद्दल सतत विचारत असतात. नियम पाठ असतात, पण वाक्य लिहायला घेतलं की गाडी अडते, असा बहुतेकांचा सूर असतो. आलेल्या प्रश्नांतले सारखे प्रश्न एकत्र करून ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. मालकी दाखवणारा एस सगळीकडे 's असाच समजावा आणि वाक्यांत तो 'स असा छापला आहे, मग प्रत्यक्ष उच्चार स होवो, ज होवो की इज.

१. “रस्ता होईल हे मंत्र्यांचं आश्वासन” असं इंग्रजीत एका दमात म्हणता येतं का?

येतं. “द मिनिस्टर'स प्रॉमिस दॅट द रोड वुड बी बिल्ट.” यात “द मिनिस्टर'स” हे कोणाचं ते सांगतं, “प्रॉमिस” हे काय ते सांगतं आणि दॅटपासून पुढे त्या आश्वासनातला मजकूर येतो. मराठीत हा मजकूर आपण बहुधा आधी सांगून टाकतो: “रस्ता होणार असल्याचं मंत्र्यांचं आश्वासन”. इंग्रजीत तो नामाच्या मागून येतो. 's आणि दॅट यांच्यामध्ये नाम हवंच. “द मिनिस्टर'स दॅट द रोड...” असं कधीच होत नाही.

मुळात हे एक सरळ वाक्य आहे: “द मिनिस्टर प्रॉमिस्ड दॅट द रोड वुड बी बिल्ट.” प्रॉमिस्ड या क्रियापदाचं नाम झालं, कर्त्याला 's लागला आणि दॅटपासूनचा भाग जागचा हलला नाही. असं केल्यामुळे पूर्ण वाक्याचा एक नामगट तयार होतो आणि त्याला पुन्हा कर्ता किंवा कर्म करता येतं: “द मिनिस्टर'स प्रॉमिस दॅट द रोड वुड बी बिल्ट प्लीज्ड द व्हिलेजर्स.” कुठेही अडलात तर आधी नामामागचं क्रियापद शोधा आणि 's लागलेली व्यक्ती त्या क्रियापदाची कर्ता आहे का ते बघा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच तपासणी पुन्हा लागेल.

२. कोणत्या नामांपुढे दॅट चालतो? यादी मिळेल का?

बोलणं, मानणं, वाटणं, ठरवणं, सिद्ध करणं या अर्थांची नामं चालतात. क्लेम, स्टेटमेंट, अनाउन्समेंट, प्रॉमिस, वॉर्निंग, कम्प्लेंट, अर्ग्युमेंट ही बोलण्याची. बिलीफ, ओपिनियन, अझम्प्शन, कन्क्लूजन ही मानण्याची. होप, फिअर, सस्पिशन ही वाटण्याची. रूलिंग, डिसिजन, प्रूफ, डिस्कव्हरी ही ठरवण्याची आणि सिद्ध करण्याची.

खऱ्या उदाहरणांतून ती लवकर अंगवळणी पडतात. इसवी सनपूर्व ३००च्या सुमारास युक्लिडने मूळ संख्या अनंत असल्याचं सिद्ध केलं: “युक्लिड'स प्रूफ दॅट देअर आर इन्फिनिटली मेनी प्राइम्स.” २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला: “द सुप्रीम कोर्ट'स रूलिंग दॅट प्रायव्हसी इज अ फंडामेंटल राइट.” दोन्हींत दॅटनंतरचा मजकूर म्हणजेच तो पुरावा आणि तोच तो निकाल.

मराठी माध्यमातल्या मुलांचा हात सर्वांत जास्त घसरतो तो न चालणाऱ्या नामांवर. सवय, प्रयत्न, नकार, क्षमता, परवानगी यांच्या इंग्रजी नामांपुढे दॅट येत नाही. “हिज हॅबिट दॅट ही वेक्स अप अर्ली” ही चूक. “हिज हॅबिट ऑफ वेकिंग अप अर्ली” बरोबर. “हर रिफ्यूजल दॅट शी विल साइन” ही चूक. “हर रिफ्यूजल टु साइन” बरोबर. रिफ्यूज या क्रियापदालाच दॅट चालत नाही, मग त्याच्या नामाला कुठून चालणार?

याची उलट बाजू मात्र दर वेळी खरी ठरत नाही. सी आणि हिअर या क्रियापदांपुढे दॅट येतो, पण साइट आणि हिअरिंग या नामांपुढे येत नाही. म्हणून शंका आली की विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला चांगला इंग्रजी कोश उघडून त्या नामाची उदाहरणं वाचावीत. यादी पाठ करण्यापेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडते.

३. “मी पैसे देणार नाही, अशी वडिलांची ताकीद” याचं इंग्रजी केलं तर मॅडमनी “आय” खोडून “ही” केलं. का?

मराठीत आपण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो आणि मागे “असा”, “अशी”, “असं” लावतो. ऐकणाऱ्याला हा “मी” वडिलांचा आहे हे आपोआप कळतं. इंग्रजीत दॅट लागला की शब्द सांगणाऱ्याच्या तोंडचे होतात. “माय फादर'स वॉर्निंग दॅट आय वुड नॉट गिव्ह मनी” असं लिहिलंत, तर पैसे न देणारे तुम्ही ठरता. बरोबर वाक्य: “माय फादर'स वॉर्निंग दॅट ही वुड नॉट गिव्ह मनी.”

लोकमान्य टिळकांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे. हे आपल्या रचनेत बसवताना दोन शब्द बदलतात: “टिळक'स डेक्लरेशन दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट.” माझा याचा हिज झाला आणि आहे याचा वॉज. “माय बर्थराइट” लिहिलं तर लिहिणारा स्वतःच्या हक्काबद्दल बोलतोय असा अर्थ होईल.

काळाच्या बाबतीत थोडी सूट आहे. गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवता येतो: “कोपर्निकस'स क्लेम दॅट द अर्थ गोज राउंड द सन.” कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली निघालं, पण पृथ्वी अजून फिरतेच आहे. जिथे दाव्याची जबाबदारी आपल्याकडे घ्यायची नसेल, तिथे भूतकाळ बरा. वर्तमानकाळ वापरला की लिहिणाऱ्यालाही ते मान्य आहे असं वाचकाला वाटू शकतं.

४. “राम'स क्लेम दॅट ही वॉज इनोसंट” यातला ही म्हणजे रामच ना?

बहुधा रामच, पण खात्री नाही. मराठीत “आपण निर्दोष असल्याचा रामचा दावा” आणि “तो निर्दोष असल्याचा रामचा दावा” यांत लगेच फरक पडतो, कारण आपल्याकडे “आपण” आहे. इंग्रजीत इथे तशी सोय नाही. दुसरा कोणी असेल तर सरळ त्याचं नाव घाला. रामच आहे हे पक्कं करायचं असेल तर “राम'स क्लेम टु बी इनोसंट” लिहा. तिथे दुसऱ्या कोणाला वावच नसतो.

५. हा दॅट आणि “पुस्तक जे मी वाचलं” यातला दॅट एकच का? परीक्षेत क्लॉज ओळखताना गोंधळ होतो.

दिसायला एक, काम वेगळं. शेजारी ठेवून बघू:

“द न्यूज दॅट ही ब्रॉट”: त्याने आणलेली बातमी.
“द न्यूज दॅट हिज फादर वॉज सेफ”: वडील सुखरूप असल्याची बातमी.

दॅट झाकून उरलेला भाग वाचा. “ही ब्रॉट”, त्याने आणलं. काय आणलं? जागा रिकामी आहे, आणि ती न्यूज या शब्दाने भरते. “हिज फादर वॉज सेफ” हे मात्र स्वतःच्या पायावर उभं असलेलं पूर्ण वाक्य आहे. रिकामी जागा असेल तर अ‍ॅड्जेक्टिव्ह क्लॉज. पूर्ण वाक्य असेल तर नाऊन क्लॉज, तोही शालेय भाषेत “अपोझिशनमधला”, म्हणजे आधीच्या नामाचाच खुलासा करणारा.

याच्या जोडीला दुसरी कसोटी लावून बघा. नाम आणि दॅट यांच्यामध्ये वॉज घाला. “द न्यूज वॉज दॅट हिज फादर वॉज सेफ” सहज म्हणता येतं. “द न्यूज वॉज दॅट ही ब्रॉट” याला अर्थच राहत नाही.

काही वाक्यांचे मात्र खरोखर दोन अर्थ होतात. “राम'स स्टेटमेंट दॅट ही साइन्ड” म्हणजे रामने सही केलेला जबाब की “मी सही केली” असा रामचा जबाब? साइन हे क्रियापद कर्मासह चालतं आणि कर्माशिवायही, म्हणून दोन्ही वाचनं बसतात. परीक्षेत अशा वाक्यात पुढची ओळ वाचल्याशिवाय उत्तर ठोकू नये. स्वतः लिहिताना पहिल्या अर्थासाठी “द स्टेटमेंट राम साइन्ड” लिहावं.

६. दॅटच्या जागी विच चालेल का?

खुलासा करणाऱ्या दॅटच्या जागी कधीच नाही. “हिज क्लेम विच ही वॉज इल” हे चुकीचं. रिकामी जागा असलेल्या दॅटच्या जागी चालतो: “द न्यूज विच ही ब्रॉट.” म्हणजे हीसुद्धा प्रश्न ५ साठीची एक कसोटीच झाली.

७. बोलताना लोक दॅट गाळतात. लिहिताना गाळला तर मार्क जातील का?

क्रियापदानंतर दॅट सहज गळतो: “राम सेज ही इज इल.” नामानंतर तो ठेवावा. बोलण्यात आणि बातम्यांच्या मथळ्यांत तो गाळलेला दिसतो, त्यामुळे त्याला थेट चूक म्हणता येत नाही. पण “राम'स बिलीफ द टीचर वॉज राँग” वाचताना डोळा अडखळतो, कारण बिलीफ आणि टीचर ही दोन नामं एकमेकांवर आदळतात. परीक्षेत, अर्जात, कचेरीच्या पत्रात दॅट लिहाच.

८. दॅटच्या आधी स्वल्पविराम द्यायचा का?

सहसा नाही. मराठीत “की”च्या आधी स्वल्पविराम द्यायची सवय असते, ती इथे आणू नये. नामानेच कोणता मुद्दा ते पुरेसं सांगितलं असेल आणि दॅटचा भाग जाता जाता जोडलेला असेल, तर देतात: “हिज मेन अर्ग्युमेंट, दॅट प्राइसेस वुड राइज, वॉज इग्नोर्ड.” मुख्य मुद्दा एकच असतो, म्हणून तो आधीच ठरलेला आहे. पण मग स्वल्पविराम दोन्ही बाजूंना द्या. एकच दिला तर वाक्य लंगडं होतं.

९. “राम'स फॅक्ट दॅट...” का चालत नाही? फॅक्टपुढे तर नेहमी दॅट येतो.

दॅट येतो, पण फॅक्टला मालक नसतो. दावा कोणीतरी करतं, वस्तुस्थिती कोणी करत नाही. फॅक्टमागे क्रियापदच नाही, मग 's लावायला कर्ता आणायचा कुठून? म्हणून “द फॅक्ट दॅट राम केम लेट”. पॉसिबिलिटी आणि चान्स यांचंही तसंच. “राम'स चान्स दॅट ही विल पास” ही चूक. एक तर “द चान्स दॅट राम विल पास” म्हणा, नाहीतर “राम'स चान्स ऑफ पासिंग”. न्यूज मात्र व्यक्तीची असू शकते, कारण ती कोणीतरी सांगतं: “सीता'स न्यूज दॅट शी वॉज गेटिंग मॅरीड.”

१०. “ती पडेल याबद्दलची तिची भीती” यासाठी “हर फिअर अबाउट दॅट शी वुड फॉल” बरोबर आहे का?

नाही. अबाउट, ऑफ, ऑन अशा शब्दांच्या लगेच मागे दॅट-क्लॉज येत नाही. मराठीतलं “याबद्दल” शब्दशः आणलं की ही चूक होते. अबाउट काढून टाका: “हर फिअर दॅट शी वुड फॉल.” किंवा ऑफ ठेवून पुढे आयएनजीचं रूप घ्या: “हर फिअर ऑफ फॉलिंग.”

या दोन वाक्यांत अर्थाचा फरकही आहे. पहिल्यात एका विशिष्ट प्रसंगाची धास्ती आहे, उदाहरणार्थ आजीला ओल्या पायऱ्या उतरताना वाटलेली. दुसऱ्यात पडण्याची एकूणच भीती आहे. “इन दॅट” आणि “एक्सेप्ट दॅट” हे जोड इंग्रजीत रूढ आहेत. ते अपवाद म्हणून लक्षात ठेवा.

११. “द पार्टी'स डिमांड दॅट द मिनिस्टर रिझाइन” यात रिझाइनला एस का नाही? छपाईची चूक आहे का?

छपाईची चूक नाही. मागणी, शिफारस, आग्रह, आदेश अशा नामांमागे आलेल्या दॅट-क्लॉजमध्ये क्रियापद मूळ रूपात राहतं, कर्ता कोणीही असो आणि काळ कोणताही असो. कारण मंत्री राजीनामा देतात असं इथे सांगितलेलंच नाही. त्यांनी द्यावा, असं म्हटलेलं आहे. मराठीत जिथे “द्यावा”, “जावं”, “व्हावं” येतं, तिथे इंग्रजीत हे बिनएसचं रूप येतं. ही खूण मराठी माणसाला फार सोपी पडते आणि शिकवताना ती सांगितली जावी असं मनापासून वाटतं.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गोवालिया टँक मैदानावर काँग्रेसने भारत छोडो ठराव मंजूर केला. ब्रिटिश सत्ता ताबडतोब संपावी, ही त्यातली मागणी: “द काँग्रेस'स डिमांड दॅट ब्रिटिश रूल एंड अ‍ॅट वन्स.” एंड, एंड्स नव्हे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत “शुड एंड” असंही लिहितात, तेही बरोबर. नकार असेल तर नॉट थेट क्रियापदाच्या आधी येतो, डू किंवा डझ लागत नाही: “द डॉक्टर'स अ‍ॅडव्हाइस दॅट ही नॉट ट्रॅव्हल.”

खरी अवघड जागा सजेशन आणि इन्सिस्टन्स यांची, कारण या नामांना दोन-दोन अर्थ आहेत. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने खंड पूर्वी एकमेकांना जोडलेले होते असं मांडलं: “वेगेनर'स सजेशन दॅट द कॉन्टिनेंट्स हॅड वन्स बीन जॉइन्ड.” इथे “असावं” असा तर्क आहे, म्हणून क्रियापद नेहमीसारखं. “द डॉक्टर'स सजेशन दॅट ही रेस्ट” इथे “विश्रांती घ्यावी” असा सल्ला आहे, म्हणून मूळ रूप. तसंच “हर इन्सिस्टन्स दॅट ही वॉज अ‍ॅट होम” म्हणजे तो घरीच होता हे तिचं ठाम म्हणणं, आणि “हर इन्सिस्टन्स दॅट ही बी अ‍ॅट होम” म्हणजे त्याने घरी असावं हा तिचा हट्ट. एका बी आणि वॉजने सगळा अर्थ फिरतो.

१२. “माझं ते पुस्तक” म्हणजे “माय दॅट बुक” का नाही? आणि “हा त्याचा दावा की” म्हणजे “धिस हिज क्लेम दॅट”?

नामाच्या आधी इंग्रजीत अशा शब्दांसाठी एकच जागा असते. तिथे माय, हिज, राम'स बसेल किंवा ए, द, धिस, दॅट बसेल. दोन्ही एकदम नाहीत. म्हणून “दॅट बुक ऑफ माइन”, “धिस क्लेम ऑफ हिज दॅट...”, “ए फ्रेंड ऑफ माइन”. पहिल्यांदाच उल्लेख होत असलेला दावा असेल तर “ए क्लेम बाय राम दॅट...” लिहावं. “राम'स क्लेम” म्हटलं की तो दावा वाचकाला ठाऊक आहे असं गृहीत धरल्यासारखं होतं.

“माझं जे पुस्तक तू नेलंस” हेही याच जागेवर अडतं. “माय बुक दॅट यू टुक” बोलण्यात ऐकू येतं, पण लिखाणात खटकतं. माय म्हटल्यावर कोणतं पुस्तक ते ठरलंच, मग पुन्हा “जे तू नेलंस” असं निवडायचं कशाला, असं इंग्रजी कानाला वाटतं. “द बुक ऑफ माइन दॅट यू टुक” म्हणा. “राम'स कार दॅट ही बॉट लास्ट इयर” यापेक्षा “द कार दॅट राम बॉट लास्ट इयर” किती सुटसुटीत आहे बघा. हे बंधन रिकामी जागा असलेल्या दॅटपुरतं आहे (प्रश्न ५). खुलासा करणाऱ्या दॅटच्या आधी 's अगदी सहज येतो.

१३. “शेजारी राहणाऱ्या माणसाची गाडी” याला “द मॅन'स कार हू लिव्हज नेक्स्ट डोअर” म्हणू का?

नको. आजच्या इंग्रजीत 's लागलेल्या नामाला मागून हू किंवा दॅट जोडता येत नाही. तो भाग जवळच्या मुख्य नामाला, म्हणजे गाडीला चिकटतो. “द मॅन'स डॉग दॅट बिट मी” यात चावलं कुत्र्यानेच. जुन्या इंग्रजी कवितेत अशी मोकळीक दिसते, ती आता राहिलेली नाही. “द कार ऑफ द मॅन हू लिव्हज नेक्स्ट डोअर” लिहा. बोलताना लोक “द मॅन नेक्स्ट डोअर'स कार” म्हणतात, म्हणजे 's पूर्ण गटाच्या शेवटी लावतात. तेही व्याकरणात बसतं.

१४. अपॉस्ट्रॉफी नेमका कुठे? विद्यार्थी अनेक असतील किंवा दोघांचा मिळून दावा असेल तर?

एसने संपणाऱ्या अनेकवचनानंतर नुसता अपॉस्ट्रॉफी: “द स्टुडंट्स' कम्प्लेंट दॅट द पेपर वॉज लाँग”. अनेकवचनाला एस नसेल तर 's: “द चिल्ड्रन'स बिलीफ दॅट...”. दोघांची मिळून एकच आशा असेल तर शेवटच्या नावाला: “राम अँड सीता'स होप दॅट...”. दोघांचे वेगवेगळे दावे असतील तर दोन्ही नावांना, आणि नामही अनेकवचनी.

कर्त्याचं नाव लांबलचक असेल तर 's सोडून द्या. “द सेक्रेटरी ऑफ द शुगर फॅक्टरी'स क्लेम दॅट...” वाचताना दावा कारखान्याचा वाटतो. “द क्लेम बाय द सेक्रेटरी ऑफ द शुगर फॅक्टरी दॅट...” स्पष्ट आहे.

१५. दॅटचा भाग फार लांब झाला तर तो वाक्याच्या शेवटी नेता येतो का?

मालक नसेल तर बऱ्याचदा येतो: “ए रूमर स्प्रेड दॅट द डॅम हॅड बर्स्ट.” 's असेल तर नाम आणि दॅट यांची ताटातूट सहसा सोसत नाही. “राम'स क्लेम वॉज रिजेक्टेड दॅट ही वॉज इल” हे वाचताना तुटक लागतं. त्यापेक्षा कर्ता बदला: “द कोर्ट रिजेक्टेड राम'स क्लेम दॅट ही वॉज इल.” लांब भाग आपोआप शेवटी गेला आणि नामाला चिकटूनही राहिला.

१६. कचेरीच्या पत्रात एकात एक तीन दॅट आले. साहेब म्हणाले व्याकरण बरोबर आहे, पण कळत नाही. काय करू?

पाठवलेलं वाक्य साधारण असं होतं: “द कमिटी'स व्ह्यू दॅट द डिपार्टमेंट'स क्लेम दॅट द कॉन्ट्रॅक्टर'स प्रॉमिस दॅट द वर्क वुड फिनिश बाय मार्च वॉज जेन्युइन वॉज राँग हॅज बीन नोटेड.” नियमाने प्रत्येक जोड बरोबर आहे, तरी शेवटी एकामागोमाग आलेली क्रियापदं कोणती कोणाची ते लिहिणाऱ्यालाही पुन्हा मोजावं लागेल. अशा वेळी प्रश्न १ मधला प्रवास उलटा करा. नामांची पुन्हा क्रियापदं करा आणि घडलं त्या क्रमाने सांगा: “द कॉन्ट्रॅक्टर प्रॉमिस्ड टु फिनिश द वर्क बाय मार्च. द डिपार्टमेंट क्लेम्ड दॅट धिस प्रॉमिस वॉज जेन्युइन. द कमिटी'स व्ह्यू दॅट द डिपार्टमेंट वॉज राँग हॅज बीन नोटेड.” आपली रचना एकदाच उरली, तीही ज्या मतावर पत्र लिहायचं आहे त्याच्यासाठी.